शाळा सर्वांची, वेस मात्र शेठची

खापरवाडी नावाच्या गावी गोंदाजी कुंभार आणि त्याची बायको साळू राहत होती. त्यांना दोन मुलं. थोरली ठकू, धाकटा भाना. गावातली मातीची खाण पिढ्यान्‌पिढ्या पुरली आणि एका वर्षी संपली. खाली नुसता मुरूम लागला. मुरमाची मडकी होत नाहीत. गाव सोडायचं ठरलं.

गाव सोडायचं म्हटलं की सल्ला देणाऱ्यांना काय तोटा! एक म्हणे माती बघून जा, दुसरा म्हणे बाजार बघून जा, तिसरा म्हणे आधी माझ्या मेव्हण्याला विचारून जा. साळूचं मात्र पहिल्यापासून एकच म्हणणं होतं.

"शाळा बघून जायचं. आपल्या बोटाला नुसती माती कळती. पोरांच्या बोटाला अक्षर कळू दे."

खापरवाडीत शाळा नव्हती. ठकू कोळशाने भिंतीवर वाकड्यातिकड्या रेघा ओढायची आणि त्यांना अक्षरं म्हणायची. ती रेघांवरून बोट फिरवून मोठ्याने काहीबाही वाचायला लागली की साळू हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहायची.

दोन गावं पाहायची ठरली. आधी ती दोघं पळसोलीला गेली. तिथली शाळा एका रिकाम्या गोठ्यात भरत होती. तात्या गुरुजी नावाचे एक म्हातारे गृहस्थ शिकवत होते. एक पोरगी मांडीवर धाकट्या भावाला घेऊन धडा गिरवत होती. गावाने राहायला देऊ केलेल्या घराला मागची भिंतच नव्हती. गोंदाजीने तिथली माती मुठीत दाबून पाहिली, तर ती बोटांतून वाळूसारखी सुटली.

"गुरांच्या जागी पोरं बसिवत्यात," साळू नाक मुरडून म्हणाली. "चला इथनं."

मग ती दोघं सोनवेसला गेली. सोनवेसचा थाट काय सांगावा! भोवती चिरेबंदी कोट, कोटाला हत्ती जाईल एवढी वेस, आणि आत गेल्या गेल्या दगडी खांबांची शाळा. दारावर पितळेची घंटा. नगरशेठ माणिकशेठ स्वतः सगळं दाखवायला आले, कारण गावाला कुंभार हवा होता. आधीचा कुंभार बिऱ्हाड उचलून गेला होता. तो का गेला, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

शाळेच्या दारावर दगडात काहीतरी कोरलं होतं. साळूने भीत भीत विचारलं, "शेठ, वर काय लिवलंय?"

"विद्या सर्वांची," माणिकशेठांनी वाचून दाखवलं. "आमच्या शाळेत कुणाला मज्जाव नाही, बाई. फी नाही, भेदभाव नाही. फक्त वेळेवर यायचं."

साळूचे डोळे भरून आले. तिने त्या दगडालाच हात जोडले.

घरही चांगलं मिळालं. ते कोटाच्या बाहेर होतं, पण त्यात वावगं काही नव्हतं. कुंभाराचा आवा पेटला की धूर होतो. धुराचं काम गावाबाहेरच बरं. जवळच काळी, चिकट, लोण्यासारखी माती होती. साळूने घराच्या भिंती बोटाने वाजवून पाहिल्या. जन्मभर मडकी वाजवून विकलेली बाई ती. भेग कुठे असली तर तिच्या कानाला लगेच कळे. भिंतींना भेग नव्हती. सगळं वाजवून पाहिलं, पण ती दोघं आली होती भर दुपारी आणि तेव्हा वेस सताड उघडी होती. उघड्या दाराला कोण विचारतं, की बाबा, तू बंद कधी असतोस?

बिऱ्हाड गाढवांवर लादून आलं. पहिल्याच पहाटे साळूने मुलांना न्हाऊ घातलं, ठकूच्या केसांना तेल लावलं, भानाला धुतलेली बंडी घातली आणि दोघांना घेऊन निघाली. बघते तर वेस बंद. आत शाळेची घंटा वाजली. पोरांचा गलका ऐकू आला, मग प्रार्थना ऐकू आली. ऊन कोटाच्या माथ्यावर आलं तेव्हा कुठे वेस उघडली. साळू मुलांना ओढत धावत गेली. शाळेचं दार लागलं होतं. पंतोजींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"उशीर झाला. उद्या वेळेवर या."

दुसऱ्या दिवशी ती अंधारातच येऊन वेशीपाशी बसली. घंटा झाली, प्रार्थना झाली आणि ऊन वर आल्यावर वेस उघडली. पंतोजींचं डोकं पुन्हा खिडकीत आलं.

"काल सांगितलं होतं ना, वेळेवर यायचं म्हणून?"

तिसऱ्या दिवशी साळूने नीट पाहिलं. मोठ्या वेशीत एक लहान दिंडी दरवाजा होता. घंटा व्हायच्या आधीच ती दिंडी उघडली, गवळ्याच्या चरव्या आत गेल्या आणि दिंडी पुन्हा लागली. साळू पहारेकऱ्याकडे धावली.

"दादा, दुधाच्या मागनं माझ्या पोरास्नी आत सोडा की."

"दुधाला हुकूम आहे," पहारेकरी म्हणाला. "पोरांना नाही."

घ्या! म्हशीच्या दुधाला वाट आणि माणसाच्या लेकराला भिंत. आणि वर दगडात कोरून ठेवायचं, विद्या सर्वांची! असली अक्षरं कोरताना त्या पाथरवटाची छिन्नी कशी मोडली नाही, कोण जाणे.

कोटाबाहेर लोहाराचं घर होतं, परटाचं होतं, बुरडाचं होतं. साळू सगळ्यांकडे गेली. त्यांची मुलं दारात गोट्या खेळत होती.

"आमीबी पहिल्या वर्षी लई पळापळ केली," लोहाराची बायको भागू म्हणाली. "मग सवय झाली."

"कशाची सवय?"

 भागू भाता ओढायला आत निघून गेली.

साळू थेट माणिकशेठांच्या ओसरीवर गेली. शेठांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. असली माणसं ऐकून फार छान घेतात.

"बाई, नियम सर्वांना सारखा आहे," ते म्हणाले. "माझा नातूसुद्धा उशिरा गेला तर बाहेरच राहील."

"तुमचा नातू कोटाच्या आत निजतो, शेठ."

शेठ हसले. "वेस चोरांच्या भयाने आजोबांच्या काळापासून उशिरा उघडते. शाळा त्याच्या आधीपासून पहाटे भरते. यात दोष कोणाचा?"

"मग शाळा थोडी उशिरा भरवा, न्हाईतर पोरास्नी दुधाबरुबर आत घ्या."

"आज दोन पोरं घेऊ, उद्या कोटाबाहेरची सगळी येतील," शेठ म्हणाले. "मग कोट बांधला कशाला?"

निघालं एकदाचं पोटातलं ओठांवर. चोरांचं भय नव्हतंच. भय होतं लोहाराच्या आणि कुंभाराच्या पोरांचं. ती शेजारी बसतील, शेठच्या नातवापेक्षा चार अक्षरं जास्त शिकतील, याचं. पण हे कोणी उघड बोलत नाही. नुसती वेळ पुढेमागे ठेवतात आणि हात झटकून मोकळे होतात.

साळू उठली, तसे शेठ मऊ आवाजात म्हणाले, "थांबा. तुमची अडचण मला कळते. मुलाला माझ्या घरी ठेवा. वरकाम करील, इथेच झोपेल, शाळेत जाईल. एकाची सोय करतो."

"आन्‌ पोरीची?"

"एकाची, म्हटलं ना."

साळू घरी आली आणि तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. गोंदाजी चाकावर शाळेसाठी रांजण घडवत होता. पहिलंच मोठं काम मिळालं होतं. त्याने चाक थांबवलं.

"भानाला धाडू," तो म्हणाला. "दोघं भाईर राहण्यापरास एक तरी शिकंल. घर चांगलं हाय, माती चांगली हाय. समदंच कसं मिळंल?"

साळूला त्याचा राग आला. पण खोटं कशाला सांगा, तिच्याही मनाने तोच हिशेब करून पाहिला होता, आणि त्याची तिला जास्त चीड आली. गरिबाला अर्धी भाकर दाखवायची, म्हणजे तो उरलेल्या अर्ध्या भाकरीसाठी भांडायचं सोडून, पुढे आलेली कोणत्या लेकराला द्यायची यावर घरातच भांडत बसतो. माणिकशेठांना हे बरोबर ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं घरात दिसेनात. साळू शोधत निघाली. वेशीपासून थोडं पुढे, शाळेची भिंत आणि कोट जिथे एक होतात तिथे, खालून एक मोरी बाहेर पडत होती. शाळेचं सांडपाणी तिथून वाहायचं. ठकू तिथे चिखलात पालथी पडली होती. कान मोरीच्या तोंडाला लावला होता. आतून मुलांचा आवाज येत होता, "नऊ एके नऊ, नऊ दुणे अठरा." ठकू तो पाढा हलक्या आवाजात मागून म्हणत होती. भाना डहाळीने तिच्या तोंडावरच्या माशा हाकत होता.

आईला पाहून ठकू दचकली. तिला वाटलं, तेल लावलेले केस घाण केले म्हणून मार बसणार.

"आई, हितं नीट ऐकू येतं," ती घाईने म्हणाली. "भानाला जाऊ दे आत. मी हितनं शिकंन."

साळूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पोरीला उचललं नाही. ती मागे फिरली, घरी गेली, चाकावर बसलेल्या नवऱ्याचा चिखलाने भरलेला हात धरला आणि त्याला तसाच ओढत मोरीपाशी घेऊन आली.  गोंदाजीने पाहिलं. त्याने ठकूला चिखलातून उचललं, खांद्यावर घेतलं आणि कितीतरी वेळ तिच्या कानाला लागलेली घाण आपल्या अंगठ्याने पुसत राहिला.

"गाढवं सोड," तो बायकोला म्हणाला. "पळसोलीला जाऊ. माती लांबनं वाहून आणू, पर पोरं आत बसतील."

गोंदाजी घेतलेलं काम अर्धवट टाकणारा माणूस नव्हता. त्याने रांजण पुरे केले, आवा लावला, भाजून काढले आणि ओळीने दारात मांडले. मग बिऱ्हाड लादलं. खबर लागताच माणिकशेठ स्वतः बाहेर आले. पोरांसाठी वेशीची वेळ न हलवणारा माणूस, पण कुंभार जातोय म्हटल्यावर वेशीबाहेर यायला त्यांना वेळ बरोबर सापडली.

"अरे, घर दिलं, माती दिली, काम दिलं!" ते म्हणाले. "मुलाची सोय करत होतो. एवढा कृतघ्नपणा?"

"रांजण तयार हायत, शेठ," गोंदाजी म्हणाला. "त्यास्नी आत न्या. आमच्या पोरांपरास त्यांचं नशीब बरं."

"आणि बाई, तुम्ही तरी विचार करा. एवढी मोठी शाळा सोडून कुठे जाणार?"

"शेठ, दोन्ही माझ्याच पोटची," साळू म्हणाली. "एकाला दार आन्‌ एकीला मोरी, ह्ये मला जमायचं न्हाई."

गाढवं चालू लागली. लोहाराच्या घरावरून जाताना भागू भाता टाकून दारात आली. तिने त्यांना थोडं पुढे जाऊ दिलं आणि मग मागून धावत आली.

"साळू, पळसोलीला चाललीस म्हनं. तिथं लोहार हाय का गं?"

"न्हाई," साळू म्हणाली. "चल."

भागूने एकदा मागे वळून आपल्या घराकडे पाहिलं. "चार दिसांत येतो आमी," ती म्हणाली आणि नवऱ्याला सांगायला पळत गेली.

पळसोलीला पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. गोठ्यातली शाळा केव्हाच भरली होती.  याच जागेला नाक मुरडून ती गेली होती. तिने दोन्ही मुलांना पुढे केलं आणि खाली मान घालून म्हणाली, "उशीर झाला, गुरुजी. चूक झाली आमची. उद्या वेळेवर आणते."

तात्या गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं.

"अजून सुटली कुठे शाळा?" ते म्हणाले. "सरका रे पोरांनो. दोघांना जागा करा."

मुलं सरकली. मांडीवर भाऊ घेतलेली ती पोरगीही सरकली. ठकू आणि भाना शेजारी शेजारी बसले. साळू दाराचा खांब धरून उभीच राहिली.

"काही येतं का गं?" गुरुजींनी ठकूला विचारलं.

ठकू उभी राहिली आणि तिने नवाचा पाढा एकही ठेच न लागता म्हणून दाखवला. गुरुजी खूश झाले.

"अरे वा! कोणत्या शाळेत होतीस?"

"सोनवेसच्या," ठकू म्हणाली. "पर भाईरनं."

गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला. मग ते उठले, आपल्या बुडाखालची घोंगडी काढली आणि ठकूच्या खाली पसरली.

तात्पर्य: मुलाबाळांना घेऊन बिऱ्हाड हलवायचं तर शाळेचे खांब आणि घराच्या भिंती मागाहून बघा, तिथे तुमच्यासारख्यांची लेकरं आत बसतात की बाहेर, हे आधी बघा. जे गाव तुमच्या हातची कामं आत घेतं आणि तुमच्या पोरांना बाहेर ठेवतं, ते फुकट घर देत असलं तरी तिथे चूल मांडू नका.