क्लायटीचे अर्धे दळण

क्युझिकोस गावाच्या वेशीपाशी एक मोठे सामाईक जाते आहे. म्हाताऱ्या आर्तेमोनने त्याची घरघर पहिल्यांदा ऐकली ती आईच्या कडेवर असताना. वर्षातून एकदा येणाऱ्या त्या दिवशी गावातले दुसरे एकही जाते फिरत नाही. बंदरावर उतरलेले खलाशी कारण विचारतात, तेव्हा तो सावकाश सांगतो.

फार पूर्वी इथे एक कोवळा राजा होता. लग्नाचे हार अजून दारावर सुकायचे होते. राणीचे नाव क्लायटी. एके दिवशी एक परके जहाज आले. पाहुण्याला जेवू घालायचे, नाव विचारायचे नाही, ही इथली रीत. क्लायटीने स्वतः जव दळले, भाकऱ्या भाजल्या.

"यांची नावं तरी विचारा," ती हळूच म्हणाली.

"अगं, आपण काय जकातदार आहोत?" राजा हसला.

पाहुणे गेले. पण वारा फिरला आणि अंधारात जहाज पुन्हा त्याच किनाऱ्याला लागले म्हणे. पाहुण्यांनी किनारा ओळखला नाही. गावाला वाटले, चाचे आले.

"तेच असतील! हाक मारून बघा!" क्लायटी ओरडली.

"कोणत्या नावाने मारू?" एवढे म्हणून राजा भाला घेऊन धावला.

उजाडले तेव्हा तो वाळूत पडला होता. ज्याने त्याला मारले, त्या जहाजाच्या नायकाच्या झोळीत क्लायटीच्या भाकऱ्या होत्या. अजून मऊ होत्या.

पाहुणे ढसाढसा रडले. त्यांनीच चिता रचली. चितेवर मृताच्या घरचे पीठ ठेवावे लागे, म्हणून नायक दाराशी येऊन उभा राहिला.

"दळ, सूनबाई," सासू म्हणाली. "रडायला जन्म पडलाय."

क्लायटी जात्याला बसली. निम्मे दळण झाले, तेव्हा नायक मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, माझं नाव सांगायचं राहिलं." आणि त्याने ते सांगितले.

क्लायटीने खुंटा सोडला. ती रानात गेली आणि तिने झाडाला दोर बांधला. असे सांगतात, वनदेवता इतक्या रडल्या की तिथे झरा फुटला. पाहुणे मात्र वारा मिळताच निघून गेले. राहिलेल्या जवाला कुणी हात लावेना. शोकात घरचे जातेही कुणी फिरवेना; गाव कच्चे धान्य चावून राहिले. शेवटी ते जव वेशीवर नेऊन दळले, कारण ते जाते कुणाच्याच घरचे नव्हते.

आजही दरवर्षी त्या दिवशी प्रत्येक घरातली धाकटी सून जवाची टोपली घेऊन वेशीपाशी येते, टोपली जात्याशी उतरवते आणि निघून जाते; ते जव गाव मिळून दळते.