पहिला वायू

एकदा एका डोंगरावर, देवराईच्या कडेला, एका वृद्ध आचार्यांचा आश्रम होता. राईतली गळून पडलेली काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही, हा तिथला रिवाज. म्हणून आश्रमाचे सरपण पायथ्याच्या वखारीतून येई. एके दिवशी वखारीचा मालक म्हणाला, "आचार्य, राईतली जुनी झाडे मला तोडू द्या. नाहीतर लाकूड बंद."

"बंद करा," आचार्य म्हणाले.

त्यांनी गोठ्यामागे खड्डा बांधून घेतला, त्यावर लोखंडी टाकी पालथी बसवली. शेणाच्या वायूवर स्वयंपाक करायचा होता. त्यांचा शिष्य गावभर शेण गोळा करीत हिंडू लागला. वखारीपाशी मालकाची हमखास हाक येई, "काय शास्त्रीबुवा, आज वेदांना वास येतोय!" शिष्य दात आवळून पुढे जाई. आश्रमातली मुले गावातून आणलेल्या पाचोळ्यावर अर्धवट शिजलेल्या कण्या खात होती.

अखेर साठलेल्या वायूने टाकी वर उचलली गेली. बातमी लागताच मालक बघायला आला. शिष्याने शेगडीला काडी लावली, ती विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली.

मालक खो खो हसला. "शेणातून माश्या निघतात, आचार्य, अग्नी नव्हे! आता झाडे द्यावीच लागतील. तोडायच्या झाडांवर खुणा करायला माणसे धाडतो."

आचार्यांनी तोटी उघडून सगळा वायू सोडून दिला. टाकी खाली बसली. मालक हसतच डोंगर उतरला.

"हे काय केलंत, गुरुजी?" शिष्य ओरडला. "माझी मेहनत वाऱ्यावर घालवलीत! त्यापेक्षा त्याच्या वखारीलाच काडी लावतो. ती तरी पेटेल!"

"नव्या खड्ड्यातला पहिला वायू जळत नाही, बाळा," आचार्य म्हणाले. "तो कोंडून ठेवला, तर मागून येणाऱ्यालाही पेटू देत नाही. तुझा रागही पहिलाच आहे. सोडून दे. खड्डा मात्र उपाशी ठेवू नकोस."

शिष्याने पुन्हा टोपली उचलली. वखारीपाशी नेहमीची हाक आली. या वेळी तो थांबला.

"शेठ, दारातले बैल तुमचेच ना? त्यांचं शेण नेतो. तुमचाही हात लागू दे."

वखारीतले हमालच आधी हसले.

झाडांवर खुणा करायला माणसे आली, तेव्हा आश्रमात निळ्या ज्योतीवर भात रटरटत होता. शिष्याने त्यांना पंगतीत बसवले, पोटभर वाढले आणि हात धुताना शांतपणे सांगितले, "मालकांना म्हणावं, एकही झाड मिळणार नाही."

आचार्यांनी फक्त आपले ताट पुढे केले.

ज्याची चूल दुसऱ्याच्या मुठीत नसते, त्याचाच नकार टिकतो.