वाटेत वाढलेले अंतर

एकदा एका डोंगरपठारावरच्या नेमबाजीच्या मैदानात, निवड चाचणी दुसऱ्या दिवसावर आलेली असताना, अश्लेषा नावाची मुलगी रायफल पेटीत भरून घरी निघाली होती. कायमचीच निघाली होती.

तिचे उस्ताद सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार होते. शिष्यांना ते सहसा रागावत नसत, आणि शाबासकी तर त्याहून जपून देत. तीन वर्षे अश्लेषा त्यांच्याकडे शिकत होती. शंभर मीटरवर तिच्या गोळ्या एकमेकींना चिकटून बसत. राज्याच्या संघात जाण्याची तिची ही शेवटची संधी होती, कारण पुढच्या वर्षी तिची वयोमर्यादा संपणार होती. आणि चाचणी होती पाचशे मीटरवरची.

त्या सकाळी पाचशे मीटरवरची तिची पहिली गोळी मध्यापासून चाळीस सेंटीमीटर डावीकडे लागली. पठारावर उजवीकडून मंद वारा वाहत होता, त्याचाच हा प्रताप. रायफलीवरच्या दुर्बिणीला एक घुंडी असते. ती फिरवली की टिक् टिक् वाजते आणि दर टिकेला नेम थोडा सरकतो. शंभर मीटरवर तिची एक टिक म्हणजे एक सेंटीमीटर, हे अश्लेषाच्या बोटांना झोपेतही ठाऊक होते. म्हणून तिने चाळीस टिका उजवीकडे फिरवल्या आणि चाप ओढला.

गोळी निशाण्याच्या फळ्यावर लागलीच नाही. फळ्याखालच्या खंदकात बसलेल्या माणसाने निशाण हलवून तसे कळवले. तिने वीस टिका मागे घेतल्या. आता गोळी साठ सेंटीमीटर उजवीकडे दिसली, म्हणून साठ टिका डावीकडे. पुन्हा निशाण हलले. मग मात्र तिचा धीर सुटला. दुर्बीण बिघडली असे तिला वाटले, नंतर रायफल वाईट वाटली, मग स्वतःचा डोळा, आणि दहाच मिनिटांत तिची तीन वर्षे वाया गेली होती. माणूस एकदा स्वतःवर उलटला की फार वेगाने उलटतो. बिचारीने आईला फोन करून सांगूनही टाकले, की मी हे सोडते आहे.

उस्तादांनी पेटीकडे पाहिले.  कोठीतून त्यांनी सुतळीचे दोन गुंडे आणले, जमिनीत एक खुंटी ठोकली आणि दोन्ही सुतळ्यांची टोके तिला बांधली. दहा पावलांवर त्यांनी बोटभर जाडीची एक काडी रोवली. एक सुतळी काडीच्या डाव्या बाजूने घेतली, दुसरी उजव्या बाजूने.

"दोन्ही गुंडे घे," ते म्हणाले. "सुतळ्या काडीला जेमतेम टेकतील अशा ताठ धर, अन् सरळ चालत जा. खुंटीपासून शंभर पावलं झाली की थांब."

उद्या चाचणी, आणि आज सुतळी? अश्लेषाला रडू येत होते. पण उस्तादांचा शब्द मोडायची सवय नव्हती, म्हणून ती गेली. शंभराव्या पावलाला थांबली.

"दोन्हींत किती अंतर आहे?" उस्तादांनी लांबून विचारले.

तिने हात लावून पाहिले. "दोन मुठी आणि वर दोन बोटं. दहा बोटं."

"काडी केवढी?"

"एक बोट."

"मग हे अंतर तू वाढवलंस का?"

"नाही उस्ताद. मी नुसती चालत आले."

उस्तादांनी वाकून काडी उपटली. आता अश्लेषाच्या हातातल्या दोन्ही सुतळ्यांना अडवायला मध्ये काही नव्हते. तिने हात जवळ आणले तशा त्या खुंटीपासून तिच्या मुठीपर्यंत जुळल्या. ती तिथेच उभी राहून हातांकडे पाहत राहिली. मग सावकाश परत आली.

"ती टिक म्हणजे सेंटीमीटर नाही गं," उस्ताद म्हणाले. "तो कोन आहे. कोनाला लांबी नसते, ती वाटेत मिळते. शंभरावर तो एक सेंटीमीटर उघडतो, पाचशेवर पाच. तुला चाळीस सेंटीमीटर दिसले. तेवढ्याला किती टिका लागतात?"

"आठ," ती म्हणाली, आणि खाली बसली.

"आठ. तू चाळीस दिल्यास. लांबवर मोठी चूक दिसली म्हणून इथं तेवढंच मोठं काहीतरी बदलायला निघालीस. आधी घुंडी, मग रायफल, आता थेट घरीच निघालीस. पोरी, तिथं जेवढी दिसते तेवढी चूक इथं कधीच नसते. उरलेली वाटेत वाढलेली असते. आणि माझंही चुकलं. शंभरावर तुला रोज फळ्यापर्यंत चालवलं, पाचशेवर एकदाही नाही."

उस्तादांच्या तोंडून स्वतःची चूक तिने पहिल्यांदाच ऐकली. त्याने तिला सगळ्यात जास्त बरे वाटले. तिने पेटी उघडली.

दुसऱ्या दिवशी वारा फिरला होता. चाचणीत मोजणी सुरू होण्याआधी अंदाजाच्या दोन गोळ्या मिळत. पहिली गोळी मध्यापासून पंचेचाळीस सेंटीमीटर उजवीकडे गेली. दुर्बिणीतून ते छिद्र फार लांब, फार वाईट दिसत होते. तिची बोटे घुंडीवर गेली आणि क्षणभर तिथेच थांबली. शेजारच्या नेमबाजांच्या घुंड्या भराभर वाजत होत्या. तिने नऊ टिका मोजल्या, एवढ्याशा वळणावर विश्वास ठेवणे जड जात असूनही मोजल्या, आणि हात काढून घेतला.

दुसरी गोळी मध्यावर लागली. मोजणीच्या दहांपैकी आठ काळ्या वर्तुळात बसल्या आणि संघातल्या सहा जागांपैकी पाचवी तिला मिळाली. मागे उभ्या असलेल्या उस्तादांनी फळ्याकडे पाहिलेही नव्हते, ते तिची बोटे पाहत होते.

आपल्यालाही स्वतःचे किंवा दुसऱ्याचे चुकलेले दिसते ते बहुधा लांबूनच, आणि मोठेच दिसते. त्या दिवशी अश्लेषाने घाबरण्याआधी अंतर किती आहे हे स्वतःला विचारले होते.