साठ हातांचा फेटा आणि न दिसलेली कुस्ती

कुस्ती संपली आणि महाराजांना ती दिसलीच नाही!

आता ही काही जत्रेतली नारळावरची कुस्ती नव्हती. तांबेगडचा भैरू पैलवान आणि शेजारच्या निंबळ संस्थानचा मलाप्पा यांच्यातली अजिंक्यपदाची लढत! सुखदेवराव महाराज तिची दवंडी तीन महिने पिटवत होते. पहिल्या दवंडीवाल्याचा घसा बसला, दुसऱ्याचा बसला, तिसऱ्याने मग हातवारे करूनच काम भागवलं. हलवायांनी नारळाएवढे 'भैरू लाडू' वळले. भैरू जिचं दूध पितो ती म्हैस बघायला एवढ्या रांगा लागल्या की गर्दीला कंटाळून म्हैसच आटली. एका ज्योतिष्याने भैरू जिंकणार म्हणून सांगितलं, दुसऱ्याने मलाप्पा, आणि दोघांनीही दक्षिणा एकाच यजमानाकडून घेतली!

अशा कुस्तीला महाराज नेहमीचा फेटा बांधून कसे जातील? त्यांनी खास साठ हातांचा फेटा फर्मावला. फेटा बांधणारा केरबा हात जोडून म्हणाला, "सरकार, डोक्यापरास फेटा जड हुतोय." पण ऐकतो कोण!

व्हायचं तेच झालं. मल्लांनी माती कपाळाला लावली, पंचाने हात मिळवून दिले, हलगी कडाडली, महाराजांनी टाळी वाजवून आनंदाने उडी मारली, आणि फेटा डोळ्यांवरून घसरत थेट मिशांपर्यंत आला. चार हुजऱ्यांनी तो वर उचलेपर्यंत मलाप्पा चीतपट झाला होता आणि भैरू लोकांच्या खांद्यांवर बसून गदा फिरवत होता.

"तीन महिने वाट पाहिली ती काय फेट्याची आतली बाजू बघायला?" महाराज पाय आपटत ओरडले. "केरबा! परवा दुपारी मला हीच कुस्ती पुन्हा दिसली पाहिजे. जशीच्या तशी! तिळमात्र फरक नको! नाहीतर गाढवावर उलटा बसवून तुला वेशीबाहेर काढीन!"

केरबा आधी भैरूच्या वस्तादांकडे धावला. वस्ताद खवळले. "जिंकलेली कुस्ती परत लढायची? मातीचा अपमान! चल, नीघ!" मलाप्पाला विचारावं तर तो तोंडावर उपरणं ओढून कधीच सीमेपार झाला होता.

केरबा घरी आला आणि कपाळाला हात लावून बसला. त्याची बायको हौसा भाकऱ्या थापत होती.

"संपलं गं समदं! तीस वरसं दुसऱ्याच्या डोक्यावर फेटं बांधलं, आन आता गाढवावरून धिंड! या वयात जायाचं तरी कुटं?"

हौसाने चटकन वर पाहिलं. पण तव्यावरची भाकरी काही तिने करपू दिली नाही. "आवं, म्हाराज नेमकं काय म्हनलं? शब्द न् शब्द सांगा."

केरबाने सांगितलं.

"जशीच्या तशी म्हनलं?"

"तिळमात्र फरक चालायचा न्हाई म्हनलं."

हौसा हसली. "मग निवांत जेवा. दावू की कुस्ती!"

ठरल्या दिवशी मैदान तुडुंब भरलं. मातीच्या हौद्याभोवती लोकांनी असं कडं केलं की हलगी वाजेपर्यंत आतलं काही दिसू नये. आपला नवरा मागे दडून उभा आहे हे बघून हौसाच पुढे झाली.

"सरकार, त्या दिवशीचा साठ हाती फेटाच बांधायला पायजे."

"बांधू की. पण केरबा, या खेपेला घट्ट बांध!"

"घट्ट बांधून कसं चालंल? फरक पडंल की! अट तर तुमचीच हाय."

महाराजांनी निमूट डोकं पुढे केलं. अट त्यांचीच होती.

"आन हलगी वाजली की टाळी वाजवून उडी मारायची. त्या दिवशी मारलीसा तशीच."

"ती तर मी मारणारच!" महाराज आत्तापासूनच टाचा उचलून उभे होते.

हलगी कडाडली! महाराज उडाले! फेटा घसरला! "धर! आवळ! उचल, पाड!" हौसाने शिकवून ठेवल्याप्रमाणे लोकांनी आभाळ डोक्यावर घेतलं. हौद्यात मात्र एक कोंबडी सोडली तर कुणी नव्हतं, आणि तीही आपली शांतपणे माती उकरत होती.

"अरे उचला! मला काही दिसत नाही!" महाराज फेट्याच्या आतून ओरडत होते.

हुजऱ्यांनी फेटा उचलला. समोर भैरू लोकांच्या खांद्यांवर बसून गदा फिरवत होता; नुसतं खांद्यावर बसायला वस्तादांचीही ना नव्हती.

"संपली?" महाराजांचा चेहरा पडला. "पण मला तर काहीच दिसलं नाही!"

"मग त्या दिवशी तरी काय दिसलं हुतं, सरकार?" हौसा म्हणाली. "जशीच्या तशी दावली बघा! तिळमात्र फरक न्हाई!"

  गाढव कुठल्या बाजूने येतंय ते केरबा बघू लागला. महाराजांची उजवी मिशी थरथरली, मग डावी थरथरली, आणि एकदम ते पोट धरून हसत सुटले.

"हरलो बाई, हरलो! पण आता खरं सांग. त्या दिवशी भैरूने डाव तरी कुठला मारला?"

हौसाने पदर सावरला. "मला काय ठावं, सरकार? कुनालाच ठावं न्हाई. समदं गाव तुमचा फेटा पडताना बघत हुतं!"

महाराज इतके हसले, इतके हसले की हुजऱ्यांना आता त्यांनाच सावरावं लागलं. हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं आणि केरबाच्या नावे नदीकाठची बागायत लिहून दिली.