पेटीच्या पोटातला रूळ

फार जुनी गोष्ट. जर्मनीतल्या एका गावात हेर्मानच्या घरी पिढ्यान् पिढ्या बाजाच्या पेट्या बनत. पेटीच्या पोटात लाकडी रूळ असे आणि त्यावर बारीक खिळे. दांडा फिरवला की खिळ्याखिळ्यानं शिट्ट्या वाजत आणि गाणं होई.

एका नव्या पेटीसाठी हेर्माननं गुळगुळीत रूळ तासला आणि हातोडी उचलली. तशी पेटी कळवळून म्हणाली,

"दादा, नका हो ठोकू. केवढंसं आहे माझं लेकरू."

"अगं, आमच्या आज्यापासून असंच चालत आलंय."

"तुमचा आजा काय रूळ होता?"

हेर्मान हसला. म्हणाला, "बरं, तुझंच खरं." त्यानं रूळ तसाच आत बसवला.

जत्रेच्या दिवशी पोरं जमली. हेर्मानच्या लेकीनं दांडा फिरवला. रूळ गरगर फिरला, पण आवाज काही निघाला नाही.

"मुकीच आहे गं तुझी पेटी," एक पोरगी म्हणाली, आणि सगळी शेजारच्या पेटीकडे पळाली.

आतून रुळानं विचारलं, "आई, मी नीट फिरलो ना? मग मला का गाता येत नाही?"

घरी येताच पेटी म्हणाली, "दादा, हातोडी आणा. पण त्याला माझ्या अंगावर ठेवून ठोका."

हेर्माननं रूळ पेटीच्या झाकणावर ठेवला. त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे तो गाणं गुणगुणत एकेक खिळा ठोकू लागला. प्रत्येक घावाला पेटी थरथरे.

"दुखतंय का रे?"

"दुखतंय थोडं. पण आई, त्यांना थांबवू नको. गाणं अजून अर्धंच झालंय."