झिप्रीच्या आजोबांचा पांढरा दगड

एक होता डोंगर. डोंगरावर एक वाट. ती वाट कोणी केली? झिप्री खारीच्या आजोबांनी आणि त्यांच्या मित्रांनी! आजोबा एवढेसे, पण काम केवढं! काटे वेचले, खडे लोटले, वळणावळणावर दगडांच्या लगोऱ्या रचल्या. लगोरी दिसली की वाट कळायची.

आता आजोबा नाहीत. झिप्रीला त्यांची फार आठवण येते.

एकदा काय झालं, कड्याजवळच्या लगोरीवरचा पांढरा दगड पडला. गडगड गडगड, थेट काटेरी जाळीत! वाट चुकून कोणी कड्याकडे गेलं तर?

झिप्री निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"जाळीबाई, जाळीबाई, दगड दे ना!
आजोबांची वाट दिसेना!"

"नाही जा! घसा सुकलाय माझा. झरा वाहील, तेव्हा देईन."

झिप्री निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"झरेदादा, झरेदादा, वाह ना!
जाळी दगड देईना,
आजोबांची वाट दिसेना!"

"नाही जा! तोंडात पाला अडकलाय माझ्या. वारा सुटेल, तेव्हा वाहीन."

झिप्री निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"वारेबुवा, वारेबुवा, सुट ना!
झरा वाहीना,
जाळी दगड देईना,
आजोबांची वाट दिसेना!"

"नाही जा! गारठलोय मी. ऊन पडेल, तेव्हा सुटेन."

झिप्रीने मान वर केली.

"सूर्यदादा, सूर्यदादा, ऊन पाड ना!
वारा सुटेना,
झरा वाहीना,
जाळी दगड देईना,
आजोबांची वाट दिसेना!"

"कसं पाडू? शिखरावर ढग बसलाय ढिम्म. तो सरकेल, तेव्हा पाडीन."

बापरे! शिखर किती उंच! पण झिप्री चढली. एक लगोरी, मग दुसरी लगोरी, तुरुतुरु तुरुतुरु.

"ढगोबा, ढगोबा, सरक ना!
ऊन पडेना,
वारा सुटेना,
झरा वाहीना,
जाळी दगड देईना,
आजोबांची वाट दिसेना!"

"अगं चिमुरडे, एवढ्या वर आलीस कशी?"

"आजोबांच्या वाटेने!"

"ते झुपकेदार शेपटीचे? पोटाने दगड ढकलत यायचे. धापा टाकायचे, पण थांबायचे नाहीत! मी रोज बघायचो. त्यांची वाट दिसेना? मग हा मी सरकलोच!"

ढग सरकला, ऊन पडलं.
ऊन पडलं, वारा सुटला, भुर्र!
पाला उडाला, झरा वाहिला, खळखळ!
जाळी पाणी प्यायली, गटगट!
काटे बाजूला झाले आणि दगड आला टुणकन बाहेर!

झिप्रीने पोटाने दगड ढकलला. हुश्श हुश्श! अगदी आजोबा ढकलायचे तसा. दगड बसला लगोरीवर.

तेवढ्यात एक करडू आलं, टपटप टपटप. निघालं होतं कड्याकडे! पांढरा दगड दिसला, आणि वळलं बरोबर वाटेला.

"छान आहे गं वाट! कोणी केली?"

झिप्रीने शेपटी फुलवली. "माझ्या आजोबांनी!"

करडू गेलं डोंगरावर, गोष्ट संपली, डोकं उशीवर.