पदराखालचं पाणी

"काळ्या मातीची पोर आणली ती पाणी धरायला. धरत नसेल, तर उन्हाळा सरताच माहेरी पाठवून देऊ."

एका राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी, राणीमाता आपल्या लेकीला असं सांगत होत्या, आणि त्यांची नवी सून पयोष्णी दाराआड तांब्या घेऊन उभी होती. ती आत आली, तांब्या ठेवला. मायलेकी लगेच हवेबद्दल बोलू लागल्या. त्या राज्यात हवा रोज सारखीच असे, त्यामुळे बोलणं लवकर संपलं.

ते राज्य असं होतं. डोंगरातून एक घळ उतरे, आणि जिथे ती उघड्यावर येई तिथे डोंगराने आपला पदर जमिनीवर पसरला होता. वर, घळीच्या तोंडाशी, माणसाएवढे धोंडे. त्याखाली गोटे, मग खडे, मग भरड वाळू, आणि पार खाली, रान खारट होतं तिथवर, पिठासारखी माती. खडे सोडले तर सगळ्याचा रंग फिका, फार धुतलेल्या धोतरासारखा. लोक त्या उताराला पदरच म्हणत. राजवाडा बरोबर मधे, खड्यांच्या पट्ट्यात होता. दोन झुडपं उगवत ती एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, आणि हाक कोणीच मारत नसे.

पदरावर पाणी ओतलं की दिसेनासं होई. चिखल नाही, डबकं नाही, ओल नाही. म्हणून तिथले लोक जमिनीला चोर म्हणत. हंडा न्यायचा तो झाकून. जमिनीला पाणी दाखवायचं नाही, अशी रीत होती. प्यायल्यावर उरलेला घोट दगडी डोणीत टाकायचा. पयोष्णीने गृहप्रवेशाच्या दिवशी उंबऱ्याबाहेर पाय धुतले, तेव्हा वऱ्हाडातल्या बायकांनी असे श्वास रोखले जणू तिने गळ्यातला हार विहिरीत फेकला. नणंद म्हणाली होती, "वहिनी, चोराला जेवायला वाढून आलात." त्यावर सगळ्या हसल्या. मग ती खोलीत शिरली की सगळ्या गप्प होत.

काळी माती पाणी धरते, तशी तिथली पोरही धरील म्हणून तिला आणलं होतं, आणि तिचं लग्न तलवारीशी लागलं होतं. राजपुत्र अंशुमान वेदीपर्यंत चालू शकत नव्हता, म्हणून त्याची तलवार पाटावर उभी केली. त्या घराला शाप होता. अंशुमानाच्या पणजोबांना या चोरीचा राग आला, आणि त्यांनी घळीच्या तोंडावर चुन्यात फरश्या बसवल्या, पाणी वरच्यावर वाड्यापर्यंत यावं म्हणून. पाणी आलं. वाड्यापाशी न थांबता, घोड्यांची पागा घेऊन, ते खारट रानात जाऊन आटलं. दुसऱ्या दिवशी फरशीखालून, पदराखाली राहणाऱ्या यक्षाचा आवाज आला, की माझ्या तोंडावर दगड ठेवलास, तुझ्या घरातल्या थोरल्या मुलाला माझ्यासारखी तहान लागेल. तेव्हापासून त्या घरातले थोरले मुलगे ऐन तारुण्यात तहानेने जात. घराने शाप लक्षात ठेवला. कारण मात्र सोयीने विसरलं. चोर डूख धरून आहे असं ठरलं, आणि चोराचा बंदोबस्त म्हणून दर वर्षी वाजतगाजत फरश्यांना नवा चुना लावत. दूरच्या तळ्यावरून उंट पाणी आणत, आणि ते जवळजवळ सगळं अंशुमान पीत असे.

पाणी त्याच्या घशाखाली उतरे, पलंगाखालची वाळू क्षणभर ओली होई आणि पुन्हा कोरडी. ओठ तसेच भेगाळलेले. पयोष्णी शेजारी बसून हंडा कलता करी. तो फारसा बोलत नसे. बोलायला थुंकी लागते. एकदा त्याने विचारलं होतं, "तुमच्याकडे चिखल असतो म्हणतात. कसा असतो?"

"पाय सोडत नाही," ती म्हणाली.

त्याने छताकडे पाहिलं. "बरं असेल," म्हणाला.

त्या बोलण्यानंतर ती रोज पदरावर फिरू लागली. माहेरी शेतातून यावं तर अर्धं शेत पायाला चिकटून घरी येई. इथे काहीच चिकटत नसे. तिने मागे वळून पाहिलं तर स्वतःची पावलंही भरून गेलेली असत, जणू ती आलीच नव्हती.

दाराआडून ते बोलणं ऐकलं त्या दिवशीही ती अशीच निघाली. तापल्या खड्यांवर एक मातकट पखुर्डा बसला होता. हा पक्षी लांबच्या पाण्यात पोटाची पिसं भिजवतो आणि उडत येऊन पिलांना ती चोखायला देतो. पिलं चोखत होती. ती थांबली.

पखुर्डा म्हणाला, "राणी, तुझ्या घरचे उंट आणि मी एकाच तळ्यावर जातो. माझा आजा जात नसे. पदराच्या काठाला, खाली, एक बारव आहे. तिच्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. तिथे त्याची पिसं भिजत."

"आता का नाही?"

"वर जाऊन विचार."

ती वर गेली. धोंडे ओलांडून घळीच्या तोंडाशी पोचली, तर पांढऱ्याशुभ्र फरश्या उन्हात डोळे दिपवत होत्या. तिने एका फरशीवर बोटांनी टकटक केली, शेजारणीच्या दारावर करावी तशी. खालून यक्ष बोलला. फार दिवसांत कोणी चुन्याची बादली न घेता आलं नव्हतं, असं म्हणाला. नवरा वाचवायचा असेल तर तीन कामं कर.

पहिलं काम असं, की ज्याचं पोट यक्षाने रंगवलं तो दगड आणायचा.

पदरावरचे खडे एकमेकांना चिकटून, फरसबंदीसारखे बसलेले होते. वरून सगळे उन्हाने करपलेले, तांबूस काळे. तिने एक उचलला आणि उलटा केला. पोट पांढरं होतं. पाणी मुरताना मातीतला चुना घेऊन उतरत होतं आणि दगडाच्या पोटाखाली थोडाथोडा ठेवून जात होतं, किती पिढ्या कोण जाणे. पण दगड उचलला तिथे खालची बारीक माती उघडी पडली आणि वाऱ्याबरोबर लगेच उडू लागली. तिने जवळचा दुसरा खडा, काळी बाजू वर ठेवून, त्या जागी बसवला. धूळ थांबली. मग ती वर गेली.

यक्ष म्हणाला, "पणजोबांच्या फरश्यांच्या गाड्यांची चाकोरी अजून धूळ ओकते. त्यांनी काही परत ठेवलं नाही." तो सासरचा विषय होता, म्हणून तिने दुसरं काम विचारलं.

दुसऱ्या कामासाठी यक्षाने फरशीच्या फटीतून श्वास सोडला, आणि वरचे गोटे, मधले खडे, खालची वाळू आणि काठाची माती यांचा एकच ढीग तिच्यापुढे पडला. हे पुन्हा वेगळं कर, पण हाताने निवडायचं नाही.

पयोष्णी वाड्यात परतली. तिच्या रुखवतात एक सूप आलं होतं, आणि राणीच्या घरात सूप कशाला म्हणून नणंदेने ते कोनाड्यात टाकलं होतं. ते काढताना नणंद दारात येऊन उभी राहिली. वहिनी आता दगड पाखडणार काय, तिने विचारलं. होय, असं पयोष्णीने सांगितलं, आणि ते खरंच होतं.

ढिगापाशी परत येऊन तिने पाखडायला सुरुवात केली. गोटे सुपाच्या मागच्या काठाशी तिच्या हातांजवळ राहिले. खडे जरा पुढे सरकले. वाळू त्याहून पुढे, आणि माती तर सुपाबाहेर लांब जाऊन पडली. तिचा हात थांबला. तिने सुपाकडे पाहिलं, मग उताराकडे. डोंगर घळीतून हेच करत बसला होता. पाणी हे त्याचं सूप होतं. जड ते त्याने जवळ ठेवलं, हलकं ते लांब पाठवलं. आपण कशात मोडतो, असा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो पाखडून टाकला.

तिसरं काम सांगताना यक्षाचा आवाज खाली गेला. "एक हंडा पाणी मला पाज. आणि तेच पाणी मला परत दाखव."

वाड्यात हंडा एकच उरला होता. उंट अजून वाटेत होते. तो हंडा संपला की अंशुमान संपेल, हे वैद्याने सगळ्यांना दबक्या आवाजात सांगून ठेवलं होतं. पयोष्णी त्याच्या पलंगाशी बसली आणि जे घडलं ते त्याला सांगितलं: दगडाचं पोट, सूप, बारव. पाणी मुरतं म्हणजे संपतं असं नव्हे, असं तिला वाटू लागलं होतं. खात्री नव्हती, हेही सांगितलं.

तो म्हणाला, "न्या."

तिने हंडा डोक्यावर घेतला, उघडा. राणीमाता सौधावरून पाहत होत्या. त्यांनी हाक मारली, झाका तो, जमीन पाहते आहे. मग ती वर घळीकडे निघाली आहे हे कळलं तेव्हा पहारेकऱ्यांना हाक मारली. पण पहारेकरी खड्यांत धावू लागले की दोन पावलं पुढे आणि एक मागे घसरत. पयोष्णी रोज फिरून चालायला शिकली होती.

घळीच्या तोंडाशी तिने पांढऱ्या पोटाचा दगड घेतला आणि फरशीच्या सांध्यावर मारला. नवा चुना कच्चा होता. एक फरशी निघाली. खाली गोटे होते, त्यांच्यामध्ये काळोख होता, आणि काळोखातून गार वास आला. तिने हंडा पालथा केला.

पाणी गेलं. आवाजसुद्धा झाला नाही. पहारेकरी धापा टाकत पोचले, रिकामा हंडा पाहिला, आणि काय करावं ते न कळून खाली बसले.

तेव्हा जमिनीखाली कोणीतरी फार दिवसांनी आवंढा गिळला. एकामागून एक फरश्या आपोआप निखळल्या आणि घळीच्या कडेला नीट रचल्या गेल्या. पयोष्णी उताराने निघाली. धोंडे, गोटे, खडे, वाळू. तळपायाला सगळं कळत होतं. आणि पायाखाली, तिच्याच चालीने, काहीतरी येत होतं. वाड्यापाशी ती थांबली नाही. तेही थांबलं नाही. पार खाली, मऊ मातीच्या काठाला, बारवेच्या कोरड्या पायऱ्यांवर पखुर्डा बसला होता. ती उतरली. सर्वांत खालच्या पायरीला घाम आला होता. मग दगडांच्या फटीतून पाणी पाझरलं, गार, नितळ, चार पिढ्यांच्या पावसाचं, आणि पायरी पायरी चढत वर आलं. वरच्या उतारावर ते दिसलंच नव्हतं. बारीक मातीने अडवलं तेव्हाच ते उघड्यावर आलं. पखुर्ड्याने त्यात पोट टेकवलं.

पाण्यावर यक्षाचा चेहरा उमटला आणि हसला. "दाखवलंस," म्हणाला, आणि विरला.

तिने हंडा भरला. वाड्यात जाऊन अंशुमानाला एक पेला दिला. तो प्यायला. तिने दुसरा भरला, तर त्याने हात आडवा केला. त्या घरात "पुरे" हा शब्द कोणी ऐकला नव्हता, म्हणून दासी वैद्याला बोलवायला धावली.

त्या वर्षीपासून फरश्यांना चुना लावणं बंद झालं, पाण्यावरची झाकणं निघाली, आणि त्या घरातले थोरले मुलगे म्हातारे होऊ लागले.

पण त्या दिवशी हे सगळं अजून व्हायचं होतं. त्या दिवशी पयोष्णी बारवेवर पुन्हा गेली, हंडा भरून परतली, आणि राणीमाता, नणंद, सगळ्या बायका उंबऱ्यात गोळा होऊन उभ्या होत्या.  त्यांची नजर तिच्या पावलांवर होती. काठाची ओली माती घोट्यापर्यंत चिकटून आली होती.

पयोष्णी म्हणाली, "आईसाहेब, त्या दिवशी दाराआड मी होते. पाणी धरायला आणलंत, ते मी सोडून दिलं. आता मी माहेरी जाणार नाही. जरा हात लावा, हंडा जड आहे."